पाच तारखेचे मामा

सकाळचे अकरा वाजले आणि तरी कुणाला पोह्यांची आठवण झाली नाही, म्हणजे खानझोड्यांच्या घरात काहीतरी मोठं बिनसलंय असं खुशाल समजावं. मंगळवार होता, सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाची सुट्टी. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या त्या लांबट बैठकीत चौघं जण चार दिशांना तोंडं करून बसले होते आणि विनोदिनी मधल्या दारात उभी होती. आत जावं की बाहेर येऊन बसावं, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

झालं होतं असं. काल संध्याकाळी एका संस्थेतून दुकानात फोन आला. शाळेतल्या पोरांचे अकराशे चष्मे खानझोडे ऑप्टिकल्सनं करून द्यायचे ठरले होते. एवढी मोठी ऑर्डर दुकानानं आजवर पाहिली नव्हती. "मॅडम, आपका जीएसटी नंबर तो कैंसल दिखा रहा है," फोनवरचा माणूस म्हणाला. "नंबर फिर से चालू करने का आवेदन लगाइए और उसकी पावती शुक्रवार तक भेज दीजिए, नहीं तो हमें दूसरा देखना पड़ेगा." विनोदिनीला वाटलं, भलत्याच दुकानाला फोन लागला असेल. तिनं तसं बोलूनही दाखवलं. मग त्या माणसानं सावकाश, एकेक अक्षर करून नंबर वाचला, आणि तो त्यांचाच होता.

तीन आठवड्यांपूर्वी नंबर रद्द झाला होता. सहा महिन्यांचे कागद भरलेच गेले नव्हते. नोटिसा आल्या होत्या, एक नाही, दोन. पण सरकारी संगणकात दुकानाच्या नावापुढे मोबाइल नंबर होता नरहरी उमाळकरांचा, आणि ईमेलही त्यांचाच. जीएसटी सुरू झाला त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, शेखरनंच सांगितलं होतं, "मामा, तुमचाच नंबर टाका ना. मले कशाले ती कटकट." त्यामुळे दुकान खानझोड्यांचं, पण सरकारचे निरोप उमाळकरांकडे, असा कारभार इतकी वर्षं चालला होता, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

हे नरहरी उमाळकर म्हणजे विनोदिनीचे सख्खे मामा. पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर नोकरी झाली, बाबारावांशी, म्हणजे शेखरच्या वडिलांशी, दोस्ती झाली, त्या दोस्तीत दुकानाचा हिशेब त्यांच्याकडे आला, आणि मग वरूडहून भाचीचं स्थळही त्यांनीच आणलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत विनोदिनीनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. दुकानाला काही फायदा झाला की ते बाबारावांचे नरहरी असत. दिवाळीचा फराळ आला की नणंदेचे, पूर्णिमाचे नरहरीकाका असत. आज सकाळपासून मात्र ते फक्त विनोदिनीचे मामा झाले होते.

"तुझ्या मामाले एक फोन करता आला नसता का?" शेखर म्हणाला. तो रात्रभर झोपला नव्हता आणि त्याचा राग कुणावर काढावा हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून तो आपला बायकोवर निघत होता.

"दिवाळीपर्यंत आपले मामा होते. आज माझे झाले."

"वहिनीले काय बोलून राहिला तू, दादा?" पूर्णिमा म्हणाली. ती शेखरची धाकटी बहीण. बँकेत होती, आणि आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. "काकांचा नंबर द्यायले कोणी लावलं होतं? तूच ना?"

"मग तू बँकेतली आहे, तू काहून नाही पाहिलं? दर रविवारी जेवाले येतेस."

"म्हणजे आता माझ्यावर? तसं म्हटलं तं दर महिन्याले काकांजवळ वहिनीच बसते. तिले तरी कळाले पाहिजे होतं."

दोन मिनिटांत नणंदबाई या काठावरून त्या काठावर गेल्या. विनोदिनीला हसू येता येता राहिलं. बरं, त्यात खोटं तरी काय होतं? बसत होती ती. दर महिन्याच्या पाच तारखेला मामा यायचे, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसायचे, चहा व्हायचा, बाबारावांशी गप्पा व्हायच्या, जेवण व्हायचं आणि ते जायचे. गेले सहा महिनेही ते आले होते. एकही पाच तारीख चुकली नव्हती.

"पण ते पिशवी उघडत होते का?" तिनं एकदम विचारलं.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. कुणालाच आठवेना. शेखर म्हणाला, उघडत असतील. पूर्णिमा म्हणाली, मी आली तेव्हा तं नव्हती उघडली, पण मी उशिरा आली होती. बाबाराव म्हणजे ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण अजून रोज दुकानात बसायचा आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा स्वतः टेकवून पाहायचा. आज सकाळपासून त्यांनी एकच वाक्य तीनदा म्हटलं होतं. ते आता चौथ्यांदा म्हणाले.

"नरहरीले काढायचं नाही."

"दादाजी, निकालने की बात ही नहीं है," अभिनव म्हणाला. विनोदिनीचा मुलगा. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "ओटीपी उनके नंबर पे जाता है. उनके बिना कोई दूसरा भी कुछ नहीं कर सकता. आप दीक्षा दीदी से बात कर लो, प्लीज." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं फोन लावून बैठकीच्या मधोमध स्टुलावर ठेवला.

दीक्षा रामटेके म्हणजे अभिनवच्या शाळेतल्या मित्राची मोठी बहीण. तीन वर्षांपूर्वी सीए झाली होती आणि स्वतःचं ऑफिस टाकून बसली होती. तिचा आवाज स्वच्छ होता आणि तिला घाई नव्हती.

"काका, काम होण्यासारखं आहे," ती म्हणाली. "मुदत गेली नाही. मागचे कागद भरू, दंड लागन तो भरू, मग अर्ज टाकू. पण मले एक सांगा, सहा महिने टॅक्स गेला नाही तं तुम्हाले समजलं नाही का?"

शेखरनं घसा खाकरला. "मामा म्हणले होते, जास्तीचं जमा आहे, ते वळतं होऊन राहिलं."

"कधी म्हणले?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"आणि त्याच्यानंतर?"

त्याच्यानंतर कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर यंदा टॅक्स भरायची चिठ्ठी येत नाही, ह्याचं सगळ्यांना मनातून बरंच वाटलं होतं. विनोदिनीला स्वतःची लाज वाटली, कारण त्या वाचलेल्या पैशांतून तिनं स्वयंपाकघरात नवीन ओटा करून घेतला होता.

"आणि माझी एक पद्धत आहे, काका. आधीच्या माणसानं स्वतः मले सांगतलं पाहिजे की त्यांची हरकत नाही. मी मागच्या दारानं कोणाचं काम घेत नाही. आज जमते का पाहा, दिवस कमी आहेत."

फोन ठेवल्यावर शेखरनं विनोदिनीकडे पाहिलं, पूर्णिमानं विनोदिनीकडे पाहिलं, आणि अभिनवनंही, जरा ओशाळून. बाबाराव तेवढे कुणाकडे पाहत नव्हते. त्यांनी परवाचा पेपर उघडून तोंडापुढे धरला होता.

"तूच जा," शेखर म्हणाला. ह्या वेळी आवाज खाली आला होता. "मी गेलो तं काहीबाही बोलून बसन."

गाडीवर बसल्यावर विनोदिनीनं बोलायचं काय ते जुळवायला सुरुवात केली. मामा, तुमचं वय झालं. नको, हे कसं म्हणायचं. मामा, आता हे संगणकाचं काम आहे. पण ते त्यांना काय ठाऊक नाही? मामा, तुमच्यामुळे दुकान बुडतंय. हे खरं होतं आणि हेच तोंडातून निघणार नव्हतं. आई-वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, वरूडच्या घरात आता भाडेकरू होते. ह्या रायपुरात तिचं माहेर म्हणजे हा एकच माणूस. आज त्याला घरातून काढायचं आणि उद्या पुन्हा मामा म्हणून हाक मारायची, हे जमतं कसं माणसाला? आणि काढलं नाही तर अभिनवच्या हातात उद्या काय द्यायचं? बूढा तलावाच्या कडेनं ती पुरानी बस्तीत वळली, एका वळणाला चुकली, सत्तावीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्यावर चुकली, आणि परत फिरून देवळाच्या गल्लीत शिरली.

मामांनी दार लगेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, केस विंचरलेले होते. मामी गेल्यापासून ते एकटेच राहत.

"ये, विनू. काल फोन वाजत होता. मी उचलला नाही," ते म्हणाले. "रद्द झाला ना नंबर?"

ती उभीच राहिली. गाडीवर जुळवलेलं सगळं पार विस्कटून गेलं.

"तुम्हाले माहीत होतं?"

"कागद आला होता मोबाइलवर. वाचला मी. बस तू आधी."

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. माहीत होतं आणि सांगितलं नाही? तीन आठवडे? पाच तारखेला येऊन भरल्या वांग्याची भाजी मागून घेतली, ताक प्यायले आणि सांगितलं नाही? हे सगळं ती भडाभडा बोलली. मामा ऐकत राहिले. त्यांनी तिला मध्येच थांबवलं नाही.

"हिशेब तं मी करूनच ठेवला आहे," मग ते म्हणाले आणि त्यांनी खाटेखालून पिशवी ओढली. सहा महिन्यांची सहा पाकिटं होती, वर सुवाच्य अक्षरात महिना लिहिलेला. "हे खाली झेरॉक्सचं दुकान होतं न, तो भैय्यालाल नेऊन संगणकात टाकायचा. माझं लिहिलेलं पाहून टाकायचा, मी बाजूले बसायचो. त्यानं दुकान उठवलं, बिलासपूरले गेला. मग मी म्हटलं आपणच करू. तं ते वाकडीतिकडी अक्षरं दाखवते न, ओळखून लिहा म्हणते. मले ते ओळखू येत नाही, विनू. तीनदा चुकलं की दार बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचो. मग म्हटलं पुढच्या महिन्यात एकदमच भरू."

"मग सांगायचं नाही का आम्हाले?"

"सांगतलं ना."

"कधी?"

"शेखरले सांगतलं मागच्या वर्षी. म्हटलं, बाप्पा, आता दुसरा कोणी पाहा. तं तो पाया पडला माह्या आणि म्हणते, मामा, तुम्ही आहात तोवर आम्हाले पाहाचं कामच नाही. मले वाटलं मान देऊन राहिला. त्याच्यावर काय बोलू मी? मग दिवाळीच्या पाडव्याले तुम्ही विडा दिला, तो मी परत केला."

विनोदिनीला पाडवा आठवला. खानझोड्यांकडे जुनी रीत होती. पाडव्याला हिशेब पाहणाऱ्याला नारळ आणि पानाचा विडा द्यायचा. त्यानं विडा घेतला की पुढच्या सालाचं काम ठरलं. बाबारावांच्या वडिलांपासून चालत आलेलं. त्यात कागद नाही, सही नाही. त्या दिवशी मामांनी नारळ घेतला आणि विडा ताटात परत ठेवला होता, हे तिला स्पष्ट आठवलं. आणि पुढचंही आठवलं.

"अरे देवा," ती म्हणाली.

"तू म्हटलं, मामाले दात कुठं आहेत चावाले," मामा शांतपणे म्हणाले. "सगळे हसले. तू आत गेली, खलबत्त्यात कुटून आणला, वाटीत चमचा घालून दिला. एवढ्या मायेनं कुटला होता पोरी. मी खाल्ला. खाल्ल्यावर काय तोंडानं नाही म्हणायचं?"

ती पार खाली बसली, जमिनीवरच. आता रागवायचं तरी कुणावर? नोटीस दडवणाऱ्या ह्या म्हाताऱ्यावर, पाया पडून मोकळ्या झालेल्या नवऱ्यावर, की वाटी घेऊन आलेल्या स्वतःवर? बरं, कुठे काही चुकलं म्हणावं तर जो तो चांगलंच वागला होता. सगळे एकमेकांचा मान ठेवत होते आणि दुकान रद्द झालं होतं.

"आणि पाच तारखेले?"

"ते सांगायलेच येत होतो मी. पिशवी मांडीवर घेऊन बसायचो, म्हणायचो आता सांगू. तू चहा आणायची. बाबाराव आपलं बोलत राहायचा. मग ताटं यायची. जेवल्यावर कसं सांगायचं, आणि जेवायच्या आधी सांगतलं तं जेवण कोणाच्या घशाखाली उतरन?" त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि विनू, सांगून टाकलं असतं तं मी कोणत्या कामाले आलो असतो तुमच्याकडे?"

"मामा म्हणून आला असता."

"सत्तावीस वर्षांत कधी आलो का बिनपिशवीचा?"

तिनं आठवून पाहिलं. नव्हते आले. भाऊबीजेलासुद्धा पिशवी असायची, आणि घरातलं कुणी ना कुणी म्हणायचंच, आलेच आहात तर तेवढी दोन बिलं पाहून घ्या. तीही म्हणाली होती कितीदा तरी.

मग तिनं दीक्षाला फोन लावला. मामांनी तो आपल्या हातात घेतला आणि स्वतःच बोलले. "मी नरहरी उमाळकर. माझी हरकत नाही, बेटा. काम तू घे. पाकिटं सहाची सहा तयार आहेत, फक्त आषाढातल्या दोन बिलांवर तारीख मागेपुढे आहे, ती पाहून घेजो." पलीकडून दीक्षा म्हणाली की काका, ओटीपी पाठवून राहिली, वाचून दाखवा. मामांचा मोबाइल वाजला. विनोदिनीनं हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही. त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल खिडकीजवळ नेला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. सहा आकडे वाचायला त्यांना बराच वेळ लागला. दीक्षानं मध्ये घाई केली नाही, ह्याबद्दल विनोदिनीला ती पोरगी एकदम आवडून गेली.

"झालं, काका. उघडलं," दीक्षा म्हणाली. "पाकिटं अभिनवजवळ पाठवा. गुरुवारी अर्ज टाकते."

तो फोन संपतो न संपतो तोच शेखरचा आला. विनोदिनीनं आवाज मोठा करून मोबाइल खाटेवर ठेवला. तिकडेही सगळे ऐकत असणार, पूर्णिमाचं कुजबुजणं येत होतं.

"काय झालं? मानली का चूक मामांनी?"

आता एक हो म्हटलं की सगळं मिटणार होतं. मामांनी मानही हलवली, म्हण हो म्हणून. म्हातारा माणूस, विसरला, चुकला. सगळ्यांना ते सोयीचं होतं आणि त्यांनाही चालणार होतं. पण मग पुढची सगळी वर्षं ते त्या घरात दुकान बुडवणारे मामा म्हणून राहिले असते.

"त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "त्यांनी काम केव्हाच सोडलं होतं. तुम्हाले सांगतलं, तुम्ही पाया पडले. पाडव्याले विडा परत केला, तो मी कुटून त्यांच्या तोंडात घातला. आपण कोणीच ऐकलं नाही."

तिकडून शेखर नुसतं "म्हणजे?" म्हणाला आणि थांबला. मग बाबारावांचा आवाज आला, अगदी जवळून. त्यांनी मोबाइल हातात घेतला असावा.

"मलेही सांगतलं होतं त्यानं. दोनदा. नरहरी, ऐकून राहिला का?"

"ऐकून राहिलो."

"मी तुले काहून सोडलं नाही माहीत आहे का?"

"नाही बाप्पा."

"तू माह्याहून चार वर्षं लहान. तुझं वय झालं म्हटलं असतं, तं दुकानातून मले कोण उठवणार नव्हतं? म्हणून म्हटलं, तू बस. तू बसून आहे तोवर मीही बसून आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा टेकवतो मी. सरळ आहे का वाकडा, मले दिसत नाही आता. वर्ष झालं."

विनोदिनीला वाटलं, आता शेखर काहीतरी म्हणेल, नाही बाबा, असं कसं, तुम्ही आहात तोवर आम्हाला काय. त्याच्या तोंडात ते वाक्य तयार असणार, तिला ठाऊक होतं. ती वाट पाहत राहिली. ते वाक्य आलं नाही.

"मग उद्या इकडे ये," मामा म्हणाले. "मलेही आता काही काम नाही."

"उद्या बुधवार. दुकान आहे."

"म्हणून तं म्हटलं."

एकावन्न वर्षं सदर बाजारातलं ते शटर बाबारावांनी उघडलं होतं. हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दुकान बंद राहिलं, पण किल्ली त्यांनी कुणाला दिली नव्हती. पलीकडे किल्ल्यांचा आवाज झाला, कमरेच्या कडदोऱ्यातून त्या सुटायला वेळ लागत असावा.

"शेखर," बाबारावांचा आवाज आला, "उद्या तू उघडजो."

शेखर म्हणाला, "हव, बाबा."